एडिनबरा की मँचेस्टर? दोन शहरांतील घरखर्च आणि राहणीमान यांचा हिशोब स्वतः कसा मांडावा

ब्रिटनमधील दोन शहरांतून नोकरीचे बोलावणे पाठोपाठ आले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो "कुठे स्वस्त पडेल?" हाच. या प्रश्नाला नुसत्या शहराच्या नावाने उत्तर देता येत नाही, हे मला एडिनबरामध्ये तीन हिवाळे काढून मँचेस्टरला बिऱ्हाड हलवल्यानंतर पुरते पटले. याच दोन शहरांची तुलना करताना एका कुटुंबाला एडिनबरा वर्षाकाठी हजार-दीड हजार पौंडांनी स्वस्त पडते, दुसऱ्या कुटुंबाला तेवढ्याच फरकाने मँचेस्टर परवडते, आणि दोघांचेही हिशोब बरोबर असतात. पगार एकाचा आहे की दोघांचा, मूल एक वर्षाचे आहे की तीन वर्षांचे, व्हिसा कोणता आहे आणि पुण्यात किंवा ठाण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट आहे की नाही, या चार गोष्टींवर उत्तर फिरते. म्हणून इंटरनेटवरच्या सरासरी आकड्यांवर विसंबून न राहता कागद-पेन घेऊन स्वतःच्या घराचा हिशोब कसा मांडायचा, ते येथे क्रमाने सांगत आहे.

ही जोडी निवडण्याचे कारण असे, की एडिनबरा स्कॉटलंडमध्ये आहे आणि मँचेस्टर इंग्लंडमध्ये. आयकराचे टप्पे, भाडेकराराचा कायदा, नर्सरीचे मोफत तास, औषधांचे पैसे आणि घरखरेदीवरचा कर या सर्व गोष्टी दोन्हीकडे वेगळ्या आहेत. लीड्स आणि मँचेस्टर या इंग्लंडमधल्याच दोन शहरांची तुलना मुख्यतः भाड्याची आणि हवापाण्याची होते; येथे मात्र सीमा ओलांडली की नियमच बदलतात.

आरंभीच एक खबरदारी घ्यावी. २०२२ च्या जनगणनेनुसार एडिनबराची लोकसंख्या सुमारे ५ लाख १३ हजार आहे. मँचेस्टर महापालिकेच्या हद्दीत २०२१ मध्ये सुमारे ५ लाख ५२ हजार लोक होते. परंतु सॅलफर्ड, ट्रॅफर्ड, स्टॉकपोर्ट, बोल्टन अशा दहा पालिका मिळून झालेल्या ग्रेटर मँचेस्टरची वस्ती २८ लाखांहून अधिक आहे. मराठी कुटुंबे "मँचेस्टरला राहतो" म्हणतात तेव्हा ती पुष्कळदा सेल, ऑल्ट्रिंकम किंवा चीडल येथे राहत असतात. त्यामुळे एडिनबराच्या मध्यवस्तीतील मार्चमंटची तुलना उपनगरातल्या सेलशी करू नये; मार्चमंटसमोर मँचेस्टरचे डिड्सबरी किंवा चोर्लटन ठेवावे आणि सेलसमोर एडिनबराचे कॉर्स्टॉर्फिन.

पहिली पायरी : हातात येणारा पगार

नोकरीच्या देकार-पत्रावरचा (ऑफर लेटरवरचा) आकडा बाजूला ठेवा आणि दोन्हीकडचा निव्वळ पगार काढा. पहिले १२,५७० पौंड दोन्हीकडे करमुक्त आहेत. त्यापुढे इंग्लंडमध्ये ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के आणि नंतर ४० टक्के कर लागतो. स्कॉटलंडमध्ये २०२५-२६ या वर्षासाठी १९, २०, २१, ४२, ४५ आणि ४८ टक्के असे सहा टप्पे आहेत, आणि त्यांतला ४२ टक्क्यांचा टप्पा ४३,६६२ पौंडांच्या पुढे लगेच सुरू होतो. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी, मात्र संपूर्ण ब्रिटनमध्ये सारखीच आहे : १२,५७० पासून ५०,२७० पौंडांपर्यंत ८ टक्के आणि त्यावर २ टक्के.

पेन्शनची कपात न धरता त्या वर्षाच्या दरांनी केलेला हिशोब पुढीलप्रमाणे येतो. वार्षिक पगार ३०,००० पौंड असेल तर दोन्हीकडचा आयकर जवळजवळ सारखा, ३,४८५ पौंडांच्या आसपास आहे. पगार ४५,००० असेल तर एडिनबरामध्ये वर्षाला सुमारे ४२८ पौंड अधिक जातात. पगार ६०,००० असेल तर हा फरक सुमारे १,७८० पौंडांवर, म्हणजे महिन्याला जवळजवळ १४८ पौंडांवर पोहोचतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की कर प्रत्येक व्यक्तीवर स्वतंत्रपणे लागतो. नवरा-बायको दोघेही प्रत्येकी ३०,००० मिळवत असतील तर करापुरती दोन्ही शहरे सारखीच. तेच ६०,००० एकटी व्यक्ती मिळवत असेल, तर एडिनबराला राहण्यासाठी वर्षाला १,७८० पौंड अधिक मोजावे लागतात. त्यामुळे "स्कॉटलंडमध्ये कर फार" हे वाक्य ऐकले की सांगणाऱ्याचा पगार किती आणि घरात कमावणारे किती, हे आधी विचारावे. आणखी एक बाब : एडिनबरामध्ये पगार ४३,६६२ ते ५०,२७० यांच्या दरम्यान असेल तर वाढलेल्या प्रत्येक पौंडातील ४२ पेन्स करात आणि ८ पेन्स नॅशनल इन्शुरन्समध्ये जातात, म्हणजे पगारवाढीतला अर्धाच हातात पडतो. या पट्ट्यातल्या माणसाने पेन्शनमध्ये अधिक रक्कम वळवण्याचा विचार अवश्य करावा.

कराचे दर दर वर्षी एप्रिलमध्ये बदलू शकतात. वरचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी आहेत. तुम्ही रुजू व्हाल त्या वर्षाचे दर घालून हिशोब पुन्हा मांडा.

दुसरी पायरी : घरभाडे आणि घरभाड्यामागचा कायदा

एका बेडरूमच्या फ्लॅटला दोन्ही शहरांच्या मध्यभागात आज महिन्याला हजार पौंडांच्या पुढेच मोजावे लागतात. नेमका आकडा मात्र सरासरीतून घेऊ नये. दोन्ही शहरांतल्या कचेरीचे पोस्टकोड घ्या, तिथून चाळीस मिनिटांत पोहोचता येईल असे तीन-तीन भाग निवडा आणि राइटमूव्ह किंवा झूप्ला या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर एकाच आठवड्यात त्या भागांतील किमान वीस घरे एका तक्त्यात उतरवा. भाडे, मजला, हीटिंग गॅसवर आहे की विजेवर, ऊर्जा प्रमाणपत्राची श्रेणी आणि कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे पालिकेच्या घरपट्टीचा, बँड (श्रेणी) हे पाच रकाने पुरेत. एक रविवार यात जातो, पण तो रविवार पुढे वर्षभर कामी येतो.

एडिनबरामध्ये घर मिळवणे हेच मुळात अवघड आहे. तिथल्या पालिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिकृतपणे घरटंचाईची आणीबाणी जाहीर केली. त्यात ऑगस्टमध्ये १९४७ पासून चालत आलेले कलामहोत्सव भरतात आणि सप्टेंबरात विद्यार्थी येतात. या दोन महिन्यांत तात्पुरती खोलीसुद्धा परवडेल अशा दरात मिळत नाही. रुजू होण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर ऑगस्ट आणि सप्टेंबर टाळून नोव्हेंबर किंवा जानेवारी मागून घ्या. मँचेस्टरमध्ये डीन्सगेट, अँकोट्स आणि सॅलफर्ड कीज या भागांत गेल्या काही वर्षांत उंच इमारती पुष्कळ झाल्या आहेत, त्यामुळे तिथे निवड करायला निदान वाव असतो.

कायद्यातले फरक थेट खिशाशी निगडित आहेत. स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २०१७ पासून नव्या भाडेकरारांना ठराविक मुदत नसते. भाडेकरू २८ दिवसांची सूचना देऊन घर सोडू शकतो आणि मालकाला कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय घर रिकामे करून मागता येत नाही. भाडे आणि परत मिळणारे डिपॉझिट याखेरीज एजंटाने कोणतीही फी मागणे बेकायदा आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतके असू शकते. इंग्लंडमध्ये वार्षिक भाडे ५०,००० पौंडांहून कमी असेल तर डिपॉझिटची मर्यादा पाच आठवड्यांच्या भाड्याची आहे. म्हणजे १,२०० पौंड भाड्याच्या घरासाठी एडिनबरामध्ये २,४०० पौंडांपर्यंत, तर मँचेस्टरमध्ये १,३८४ पौंडांपर्यंत डिपॉझिट मागता येते. भारतातून पहिल्यांदा येणाऱ्याला हा हजार पौंडांचा फरक पहिल्याच महिन्यात जाणवतो.

ब्रिटनमध्ये पगार आणि पत यांचा इतिहास नसल्यामुळे नव्याने आलेल्यांकडे मालक सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागत आले आहेत. इंग्लंडमध्ये २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने १ मे २०२६ पासून एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागण्यास बंदी घातली, विनाकारण घर खाली करायला लावणारी जुनी नोटीस रद्द केली आणि भाडेकरूला दोन महिन्यांच्या सूचनेवर घर सोडण्याची मुभा दिली. त्यामुळे या बाबतीत इंग्लंड स्कॉटलंडच्या बरेच जवळ आले आहे. एक फरक मात्र कायम आहे : इंग्लंडमध्ये घरमालकाला भाडेकरूचा व्हिसा तपासावाच लागतो, म्हणून ई-व्हिसावरून मिळणारा शेअर कोड हाताशी ठेवावा, स्कॉटलंडमध्ये ही तपासणी नाही. उलट स्कॉटलंडमध्ये प्रत्येक खासगी घरमालकाने नोंदणी करणे सक्तीचे आहे आणि ती नोंदवही कोणालाही ऑनलाइन पाहता येते. पैसे पाठवण्यापूर्वी तिथे मालकाचे घर शोधा. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, निदान ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय, एक पौंडही पाठवू नये, हे दोन्ही शहरांना सारखेच लागू आहे.

तिसरी पायरी : घर उबदार ठेवण्याचा खर्च

भाड्याच्या जाहिरातीत न दिसणारा सर्वांत मोठा फरक येथे आहे. एडिनबराची जुनी दगडी घरे दिसायला देखणी असतात. उंच छत, मोठी खिडकी आणि समोर हिरवळ पाहून मन हरखते. त्यातली बरीच घरे संरक्षित भागात येतात, त्यामुळे तिथल्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या बदलणे सोपे नसते आणि कित्येक ठिकाणी अजून एकेरी काच असते. माझ्या पहिल्या घरात डिसेंबरमधल्या एका रात्री देवापुढचे निरांजन विझले, पुन्हा लावले, पुन्हा विझले. देवघर खिडकीपासून हातभर लांब होते आणि खिडकी घट्ट बंद होती. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या चौकटीभोवती हात फिरवला, तेव्हा खालच्या फटीतून येणारा वारा तळहाताला स्पष्ट लागला. घर पाहायला गेलो होतो तो जूनचा उबदार दिवस होता आणि एजंटाने फटींविषयी चकार शब्द काढला नव्हता.

मँचेस्टरमधल्या नव्या टोलेजंग इमारतीतल्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे भिंती आणि खिडक्या उत्तम असतात, वारा आत येत नाही, पण बहुतेक ठिकाणी गॅस नसतो. हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही विजेवर चालते. ब्रिटनमध्ये विजेचा एक युनिट गॅसच्या एका युनिटच्या चौपटीहून महाग आहे. त्यामुळे नवे आणि उबदार घर असूनही बिल कमी येईलच असे नाही.

म्हणून घर पाहताना तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक खिडकीच्या कडेने ओला हात फिरवून वारा लागतो का ते पाहावे. हीटर कशावर चालतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. भिंतीवर गॅसचा बॉयलर असेल तर बरे. आणि आधीच्या भाडेकरूचे जानेवारीचे बिल दाखवायला सांगावे. ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी दराची कमाल मर्यादा जाहीर करते. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ साठी सर्वसाधारण घराच्या वापराला ती वर्षाला १,७५५ पौंड होती. हा आकडा पुष्कळांना बिलाची मर्यादा वाटतो, पण मर्यादा युनिटच्या दराला असते. युनिट जास्त जाळले तर बिल त्याहून कितीही पुढे जाते.

चौथी पायरी : कौन्सिल टॅक्स आणि पाणी

दोन्हीकडे घरांना १९९१ च्या किमतींवरून बँड दिलेले आहेत, परंतु बँडांच्या सीमा वेगळ्या आहेत. इंग्लंडमधला डी बँड ६८,००१ ते ८८,००० पौंडांच्या घरांचा, तर स्कॉटलंडमधला ४५,००१ ते ५८,००० च्या घरांचा. म्हणून "डी बँडला तिथे किती, इथे किती" ही तुलना फसवी असते. विशिष्ट घराचा पत्ता घालून त्या घराची रक्कम काढावी. एडिनबराच्या बिलात पाणी आणि सांडपाणी यांचे पैसे धरलेले असतात. मँचेस्टरला पाण्याचे बिल युनायटेड युटिलिटीज या कंपनीकडून वेगळे येते. तक्त्यात ही रक्कम दोनदा धरली जाण्याची किंवा मुळीच न धरली जाण्याची चूक सर्रास होते. घरात एकच प्रौढ व्यक्ती असेल तर २५ टक्के सवलत मिळते आणि ती घेतल्याने व्हिसाच्या अटींचा भंग होत नाही. घरातले सर्व जण पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स माफ असतो.

पाचवी पायरी : लहान मूल असेल तर

मूल लहान असलेल्या कुटुंबाने इतर सर्व रकान्यांच्या आधी हा रकाना भरावा. स्कॉटलंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षाला १,१४० तास नर्सरी मोफत आहे. आईवडील नोकरी करतात की नाही आणि त्यांचा व्हिसा कोणता, याचा त्याच्याशी संबंध नाही. इंग्लंडमध्ये त्या वयाच्या सर्व मुलांना आठवड्याला १५ तास, वर्षातले ३८ आठवडे, म्हणजे ५७० तास मिळतात. नोकरदार आईवडिलांना सप्टेंबर २०२५ पासून मूल नऊ महिन्यांचे झाल्यापासून आठवड्याला ३० तास मिळू लागले आहेत. मात्र त्यासाठी आईवडिलांपैकी निदान एकाला सरकारी निधीचा लाभ घेण्याची परवानगी असावी लागते. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या बहुतेक मराठी जोडप्यांना ती नसते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, दोघांपैकी एकाचा पगार ६०,००० आणि दुसऱ्याचा ३०,००० पौंड आहे, दोघेही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत आणि मूल तीन वर्षांचे आहे. एडिनबरामध्ये त्यांना कर सुमारे १,७८० पौंड अधिक पडेल. पण मँचेस्टरच्या तुलनेत नर्सरीचे ५७० तास अधिक मोफत मिळतील. तासाला ६ पौंड धरले तर ते ३,४२० पौंड होतात. म्हणजे एडिनबरा त्यांना वर्षाला सुमारे १,६४० पौंडांनी स्वस्त.

हेच मूल एक वर्षाचे असेल तर दोन्हीकडे मोफत तास नाहीत आणि कराचा फरक तेवढा उरतो, मँचेस्टर स्वस्त. आणि याच दांपत्याला कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळून दुसरे मूल नऊ महिन्यांचे झाले, तर इंग्लंडमध्ये त्या बाळाला ३० तास मिळतील आणि स्कॉटलंडमध्ये तीन वर्षांचे होईपर्यंत सहसा काही नाही. मँचेस्टर आणखी स्वस्त. माणसे तीच, पगार तेच, शहरे तीच, तरीही उत्तर तीनदा बदलले. कोणी तरी आपल्या अनुभवावरून ठामपणे एका शहराचे नाव घेतो, तेव्हा त्याच्या मुलाचे वय त्या वेळी काय होते हे विचारण्याजोगे असते.

शाळेचे वय झाले की वेगळे प्रश्न येतात. इंग्लंडमध्ये मूल चार वर्षांचे झाल्यानंतरच्या सप्टेंबरात रिसेप्शन या शाळेच्या पहिल्या वर्गात जाते. स्कॉटलंडमध्ये साडेचार ते साडेपाच या वयात ऑगस्टमध्ये पहिलीत बसते. पुढे इंग्लंडमध्ये जीसीएसई आणि ए लेव्हल, तर स्कॉटलंडमध्ये नॅशनल आणि हायर या परीक्षा आहेत. नववी-दहावीच्या वयाच्या मुलाला मधेच एका पद्धतीतून दुसरीत टाकणे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पैशाची बचत कितीही असली तरी. दोन्हीकडे सरकारी शाळेत प्रवेश बहुतांशी राहत्या पत्त्यावरून मिळतो, म्हणून घर शोधण्याआधी शाळा शोधावी. कायम वास्तव्याचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवावे, की निवासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या स्कॉटलंडमधील विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यापीठांत पदवीचे शुल्क भरावे लागत नाही, तर इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी ते वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होते.

सहावी पायरी : रोजचा प्रवास

ग्रेटर मँचेस्टरच्या सर्व बस ५ जानेवारी २०२५ पासून पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या. १९८६ मध्ये लंडनबाहेरची बससेवा खासगी कंपन्यांना मोकळी करून दिल्यानंतर असे करणारा हा पहिला शहरी प्रदेश. पिवळ्या रंगाच्या या बस, ट्राम आणि सायकली मिळून 'बी नेटवर्क' ही एकत्रित सेवा बनते. २०२५ मध्ये इंग्लंडभर बसभाड्याची मर्यादा तीन पौंड झाली, तेव्हाही येथे एका फेरीचे दोन पौंडच ठेवण्यात आले, आणि तासाभरात बस बदलली तर दुसरे तिकीट लागत नाही. ट्रामचे जाळे आठ मार्गांचे आणि ९९ थांब्यांचे आहे. एडिनबरामध्ये एकच ट्राममार्ग आहे, विमानतळापासून न्यूहेवनपर्यंतचा. पण पालिकांच्या मालकीच्या लोदियन बस इतक्या वक्तशीर आहेत, की तिथे तीन वर्षांत मला गाडी घेण्याची गरज वाटली नाही. त्यातच स्कॉटलंडमध्ये २२ वर्षांखालील आणि ६० वर्षांवरील सर्व रहिवाशांना बसप्रवास मोफत आहे. घरात दोन शाळकरी मुले असतील तर हा आकडा लहान नाही.

शहराबाहेर जाऊन नोकरी करायची असेल तर आणखी पाहावे लागते. स्कॉटरेल या स्कॉटलंडच्या रेल्वे कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळचे वाढीव भाडे कायमचे रद्द केले. एडिनबरा ते ग्लासगो परतीचे तिकीट गर्दीच्या वेळी ३२.६० पौंडांवरून १६.८० वर आले. लंडनला वारंवार जावे लागणार असेल तर मात्र मँचेस्टरहून दोन तासांच्या थोडे पुढे आणि एडिनबराहून साडेचार तासांच्या आसपास, हा फरक दर आठवड्याला अंगावर येतो.

सातवी पायरी : औषधपाणी आणि किराणा

व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि तो कुठेही राहा, तेवढाच. त्या बदल्यात मिळणारे मात्र सारखे नाही. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मोफत आहेत, डोळ्यांची आणि दातांची तपासणीही मोफत आहे. इंग्लंडमध्ये २०२५-२६ मध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात. थायरॉइड किंवा मधुमेहाची औषधे रोज घेणाऱ्यांना इंग्लंडमध्येही अर्ज केल्यावर औषधे मोफत मिळतात. रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या रुग्णाला मात्र पैसे भरावे लागतात, आणि त्याने वर्षाचा ११४.५० पौंडांचा पास काढणे सोयीचे.

किराण्यावर फार वेळ घालवू नये. मोठ्या सुपरमार्केटांचे दर देशभर जवळजवळ एकच असतात. भाजणी, साबुदाणा, कोकम, कढीपत्ता यांसाठी मँचेस्टरच्या विल्म्सलो रोड आणि चीटम हिल या भागांत निवड मोठी आहे. एडिनबरामध्ये लीथ वॉकच्या आसपास गरजेपुरते मिळते.

आठवी पायरी : घर विकत घ्यायचे असेल तर आधी पुण्यातला फ्लॅट आठवा

ही बाब पुष्कळ मराठी कुटुंबांना वकिलाच्या कचेरीत गेल्यावर कळते, म्हणून जरा तपशिलाने सांगतो. ब्रिटनमध्ये "पहिले घर" म्हणजे जगातले पहिले घर. तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर भारतात फ्लॅट असेल आणि त्याची किंमत ४०,००० पौंड किंवा अधिक असेल, तर ब्रिटनमधले तुमचे पहिलेच घर कायद्याच्या दृष्टीने अतिरिक्त घर ठरते. इंग्लंडमध्ये त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२४ पासून किमतीच्या ५ टक्के आणि स्कॉटलंडमध्ये ५ डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के अधिभार लागतो.

३,००,००० पौंडांचे घर घेतले असे समजा. भारतात काहीच घर नसेल आणि खरोखर पहिलीच खरेदी असेल तर इंग्लंडमध्ये मुद्रांक कर शून्य आणि स्कॉटलंडमध्ये ४,००० पौंड. पुण्यात फ्लॅट असेल तर इंग्लंडमध्ये मूळ कर ५,००० आणि अधिभार १५,००० मिळून २०,००० पौंड. स्कॉटलंडमध्ये ४,६०० आणि २४,००० मिळून २८,६०० पौंड. या एका कारणाने दोन शहरांत ८,६०० पौंडांचा फरक पडतो. तुम्ही राहत असलेले घर ठराविक मुदतीत विकले असेल तर सूट मिळू शकते. वडिलोपार्जित घरातला हिस्सा ४०,००० पौंडांहून कमी किमतीचा असेल तर तो सहसा धरला जात नाही. पण त्याचे मूल्यांकन करून कागद जवळ ठेवावा आणि सही करण्यापूर्वी वकिलाला सर्व काही मोकळेपणाने सांगावे. लपवलेली माहिती पुढे दंडासह वसूल होते.

खरेदीची रीतही वेगळी आहे. स्कॉटलंडमध्ये विकणाराच घराचा तपासणी अहवाल देतो आणि घरे बहुधा "या किमतीच्या वर" अशा बोलीने जातात. बँक कर्ज देते ते अहवालातल्या किमतीवर. त्यावरची रक्कम रोख उभी करावी लागते. मँचेस्टरमधले फ्लॅट बहुतेक भाडेपट्ट्यावर असतात. तिथे पट्ट्याची किती वर्षे उरली, वार्षिक सेवाशुल्क किती, आणि बाहेरच्या भिंतीच्या आवरणाची अग्निसुरक्षा तपासणी झाली आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

नववी पायरी : आकड्यांत न मावणारे

येथवरचा तक्ता पुरा झाल्यावर खाली दोन ओळी रिकाम्या ठेवा आणि त्यात उजेड आणि माणसे लिहा. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस अकरा तासांचा असतो. मँचेस्टरमध्ये साडेसात तासांचा आणि एडिनबरामध्ये जेमतेम सात तासांचा. दुपारी पावणेचारला तिथे सूर्य मावळलेला असतो. जूनमध्ये मात्र एडिनबरामध्ये रात्री दहानंतरही आकाशात उजेड राहतो. पावसाचे भय मँचेस्टरच्या नावाशी जोडलेले आहे, परंतु तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढा मुंबईत एका जुलैत पडतो. त्रास पावसाच्या प्रमाणाचा नसतो. ढगाळलेले, रिपरिप चालू असलेले दिवस संपत नाहीत, याचा असतो. एडिनबरा त्यामानाने कोरडे आहे, पण पूर्वेचा समुद्री वारा हाडांत शिरतो.

एडिनबरामध्ये शहराच्या ऐन मध्यावर २५१ मीटर उंचीची आर्थर्स सीट ही टेकडी आहे. कचेरी सुटल्यावर तासाभरात वर जाऊन समुद्र पाहून घरी येता येते. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला या टेकडीची किंमत सांगावी लागत नाही. मँचेस्टरहून पीक डिस्ट्रिक्ट रेल्वेने पाऊण तासावर आहे, आणि १९९० मध्ये सचिन तेंडुलकरने ज्या मैदानावर कसोटीतले पहिले शतक ठोकले ते ओल्ड ट्रॅफर्ड ट्रामच्या मार्गावरच आहे.

माणसांच्या बाबतीत मँचेस्टरचे पारडे जड आहे. भारतीय वस्ती मोठी असल्यामुळे गणपतीची मूर्ती, मुंजीला गुरुजी, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करून देणारी काकू या गोष्टी मिळतात. आईवडील भारतातून येणार असतील तर विमानाचाही विचार करा. १ जुलै २०२५ रोजी इंडिगोने मुंबई ते मँचेस्टर थेट विमान सुरू केले. अशा सेवांचे वेळापत्रक बदलत असते, म्हणून तिकिटाच्या वेळी ती चालू आहे का ते पाहावे. एडिनबराला जाताना आखाती देशात किंवा युरोपात विमान बदलावे लागते. सत्तरीच्या आईला दोहा किंवा दुबईच्या विमानतळावर मध्यरात्री एकटीने विमान बदलावे लागणे ही आमच्या घरात फार मोठी गोष्ट होती, आणि शेवटी आमचे बिऱ्हाड हलले ते मुख्यतः त्याच कारणाने.

दहावी पायरी : चार दिवसांची फेरी

शक्य असेल तर सही करण्यापूर्वी दोन्ही शहरांत दोन-दोन दिवस काढा. दोहोंमध्ये थेट रेल्वे आहे आणि प्रवास साधारण सव्वातीन ते साडेतीन तासांचा. फेरी नोव्हेंबरात करा. जूनमध्ये दोन्ही शहरे इतकी सुंदर दिसतात, की त्यांचा हिवाळा मनातही येत नाही. निवडलेल्या भागात दुपारी चार वाजता, अंधार पडत असताना, कचेरीजवळून बस धरा, तुमच्या संभाव्य घराच्या थांब्यावर उतरा आणि हातात भाजीची पिशवी असल्यासारखे घरापर्यंत चालत जा. वाटेत दिवे आहेत का, दुकान उघडे आहे का, शाळेतून परतणारी मुले दिसतात का, ते पाहा. जोडीदारालाही हे एकट्याने करायला सांगा, आणि संध्याकाळी दोघांनी आपापले टिपण एकमेकांना वाचून दाखवा.